गमरे रेसिडेन्स, कोण हवंय?

गोडदेव, भाईंदर (पूर्व)
४ नोव्हेंबर १९९६

पायल,

नावाआधी ‘चि.’ लिहायला विसरलेले नाही. मुद्दाम लिहिलं नाही.

तुझा पत्ता हरिश्चंद्रने दिला. आत्याला कळवू नका असं तू त्याला बजावलं होतंस म्हणे. खेडच्या एसटीडी बूथवरून बोलताना त्याने आवाज इतका बारीक केला होता, की वाटावं मी पोलीस चौकीतून बोलतेय. भाऊ माझाच, पण बायको गेल्यापासून कुणालाच नाही म्हणायचं नाही असं त्याने ठरवून टाकलंय. तुला नाही म्हणाला नाही, मला नाही म्हणाला नाही.

आता मुद्दा. काल सकाळी सुगंधा मासे घेऊन आली. मुर्ध्याची सुगंधा, तू जिच्याकडून कोलंबी सोलून घ्यायचीस ती. पाटी उतरवायच्या आधीच तिला हसू फुटलं.

‘‘बाय, तुमी तर लय गाजल्या.’’

‘‘मी? कशाने?’’

‘‘कोजागिरीला आमच्या गावात आर्केस्ट्रा आलता ना. तुमची भाची व्हती त्यात. तुमचं सोंग केलं तिनं. आख्खा गाव हसून हसून आडवा. माजा घो कदी हसत न्हाय, तो पन हसला.’’

मी म्हटलं, माझं कशावरून? कुठल्याही म्हाताऱ्या बाईचं असेल. त्यावर तिने पाटीतला एक बोंबील उचलला, कानाला लावला, कोपर वर केलं, मान मागे टाकली, नसलेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि म्हणाली, ‘‘गमरे रेसिडेन्स. कोण हवंय? होल्ड द लाइन प्लीज.’’

जिन्यात उभी राहून. बोंबील हातात घेऊन. समोरच्या शाहबाई दूध घ्यायला बाहेर आल्या होत्या, त्यांना दाराला धरून हसावं लागलं. आणि मला खरा राग कशाचा आला सांगू? सुगंधा आयुष्यात शाळेत गेलेली नाही, तरी तिचं ‘होल्ड द लाइन प्लीज’ अगदी स्वच्छ होतं. म्हणजे तू तिकडे ते इतकं नीट करतेस की ऐकणाऱ्यालाही पाठ होतंय.

तुमच्यात याला ‘आयटम’ म्हणतात असं कळलं. आयटमचं नाव ‘टेलिफोनवाली आत्या’ आहे हेही कळलं. बॅलार्ड पिअरच्या कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर मी सगळी नोकरी काढली. साहेब लोक मला नावाने ओळखत नसत, पण आवाजाने ओळखत. तो आवाज मी कमावलाय. भायखळ्याच्या कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी माझ्या जिभेवरचा एकेक कोपरा घासून काढला, आणि माझ्या वडिलांनी, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये हातोडा मारणाऱ्या माणसाने, त्या शाळेच्या फाटकाशी उभं राहून मला आत सोडलं. तू तो आवाज मुर्ध्याच्या मैदानात मसाला दुधाबरोबर वाटलास.

मी मेलेली नाही. जिवंत माणसाला विचारायची पद्धत असते. हा आयटम ताबडतोब बंद कर.

वैजयंता ध. गमरे


२१ नोव्हेंबर १९९६

पायल,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. ‘आत्या, बंद केला. परत करणार नाही.’ एवढंच. पोस्टमननेही वाचलं असणार, कारण देताना त्याने माझ्याकडे जरा जास्तच बघितलं.

तू इतक्या लवकर ऐकशील असं वाटलं नव्हतं. अंथरुणाची घडी घाल म्हणून तुला रोज घसा फोडून सांगावं लागायचं. मी तर चांगलं लांबलचक भांडण होईल या तयारीने बसले होते, दुसऱ्या पत्रात काय लिहायचं तेही ठरलं होतं. आता ते मुद्दे वाया घालवण्यापेक्षा लिहून टाकते. तुझ्या लोकांना तू आपली कहाणी कशी सांगतेस कोण जाणे. खरी कशी आहे ती एकदा कागदावर असू दे.

तुझी आई गेली आणि हरिश्चंद्रने तुला माझ्याकडे आणून सोडलं त्याच वर्षी मी इथे ही जागा घेतली. तेव्हा खिडकीतून मिठागरं दिसायची. तुला ती बर्फ वाटली होती. पहिल्या दिवशी तू एक शब्द बोलली नाहीस, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टँकरवाल्याची नक्कल केलीस, ‘‘ओ भाभी, पाइप पकडो ना,’’ आणि मला कळलं की तुला स्वतःच्या आवाजात बोलायला जड जातंय.

मग फोन आला. बिल्डिंगमधला पहिला. सगळ्यांनी आपापल्या गावाला, साडूला, मालकाला माझा नंबर देऊन टाकला आणि पुढे लिहिलं, पीपी गमरे, म्हणजे गमऱ्यांकडे फोन करून बोलावून घ्या. मला विचारलं नाही. इथे विचारायची पद्धतच नाही असं दिसतं. मी नियम लावले. चपला बाहेर, बोलणं थोडक्यात, रडायचं असेल तर गॅलरीत. बोलवायला वरखाली पळण्याचं काम तुझं. तू चौथ्या मजल्यावरून परत येताना त्या त्या माणसाचा आवाज घेऊनच यायचीस. शाहबाई फोनवर येण्याआधी त्यांचं ‘‘हां, बोल बेटा’’ माझ्या घरात येऊन पोचलेलं असायचं. मी हसायचे. हे मी कबूल करते, कारण तू बघितलंयस.

पण मीही त्या यादीत आहे हे मला शाळेच्या पालकसभेत कळलं. सिस्टर म्हणाल्या, मिस गमरे, तुम्ही फोन केलात ते बरं झालं, भाचीचा ताप उतरला का? कसला ताप आणि कसला फोन. तू मिठागराच्या बांधावर दिवस काढला होतास आणि सकाळी शाळेत फोन करून माझ्या आवाजात सांगितलं होतंस, ‘‘शी इज रनिंग अ टेंपरेचर, सिस्टर.’’ घरी येऊन मी तुला मारणार होते. तेच वाक्य परत म्हणून दाखव म्हटलं. म्हटलंस. उच्चारात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून हात उचलला नाही.

त्यानंतर भीमजयंती. विहारासमोर मांडव घातला होता, भाषणं लांबली होती, पोरं पेंगायला लागली होती. कुणीतरी तुला वर ढकललं. तू अध्यक्षांचं भाषण अध्यक्षांच्याच आवाजात पुढे सुरू केलंस, ‘‘मी आपला जास्त वेळ घेणार नाही,’’ आणि मग घेतलास. मांडव उठून बसला. अध्यक्षांनी स्वतः पेन बक्षीस दिलं. मी मागे बायकांत बसले होते. सगळ्या वळून माझ्याकडे बघत होत्या, कुणाची पोर म्हणून. मी मान हलवून माझी म्हणाले.

ईश्वरभाईचा ऑर्केस्ट्रा त्यातूनच आला. दोन गाण्यांच्या मध्ये गायिका साडी बदलते तोवर लोक उठून जाऊ नयेत म्हणून त्याला कुणीतरी हवं होतं. त्याने परवानगीसाठी घरी फोन केला, आणि तू तो उचललास, आणि मी परवानगी दिली. अटी घालून. मुलीला घरापर्यंत सोडायचं, स्टेजमागे घाणेरडे विनोद झाले तर त्या क्षणी बंद, बारावीच्या परीक्षेत कार्यक्रम नाही. दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन दारात, ‘‘मॅडम, तुम्ही बोलले ते सब मंजूर.’’ मी दार धरून उभी. अटी अगदी माझ्याच होत्या. मी घातल्या असत्या तर एकही वेगळी घातली नसती. म्हणून मी पेढा घेतला.

इथवर ठीक होतं.

ठाण्याच्या स्थळाचं तसं नाही. मुलगा पोस्टात, घर स्वतःचं, आई समजूतदार. मी किती जणांकडून शब्द टाकला होता. त्यांचा होकार आला तो फोनवर, आणि मी बाजारात होते. एका लग्नात त्या बाई भेटल्या तेव्हा तोंड फिरवायला लागल्या. मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘तुम्हीच तर सांगितलंत ना, की आमची मुलगी तुमच्या घरात भाकऱ्या थापायला जन्माला आलेली नाही, आणि तुम्ही फोन ठेवलात तरी चालेल.’’

वाक्य माझ्या तोंडी शोभण्यासारखं होतं. मांडवभर कुणाचाच विश्वास बसेना की मी ते म्हटलेलं नाही. हरिश्चंद्रचासुद्धा.

त्या संध्याकाळी मी तुला काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मला आठवत नाही. बॅग तू भरलीस, मी भरून दिलेली नाही, एवढं नक्की.

आयटम बंद केलास ते बरं केलंस. थंडी पडायला लागलीये. तुझी जांभळी शाल इथेच आहे.

वै. गमरे


१९ जानेवारी १९९७

पायल,

शाल न्यायला कुणी आलं नाही. ईश्वरभाई मात्र येऊन गेला.

केस रंगवतो आता. तो दारातूनच हात जोडून आत आला आणि तुझ्या जुन्या स्टुलावर बसला. मी चहा विचारला नाही, तरी म्हणाला, ‘‘चाय नको आंटी, मैं सिर्फ दोन मिनट बोलतो.’’ आणि मग बोलतच राहिला.

त्याचं म्हणणं असं. परळचा कुणी नाटकांचा निर्माता आहे. त्याने तुला मुर्ध्यात बघितलं. तो नवा विनोदी कार्यक्रम काढतोय, थिएटरात, तिकीट लावून, पोस्टरवर नाव घालून. तुला घ्यायला तयार आहे, पण त्याला हवी आहे ती टेलिफोनवाली आत्या. बाकीचे आवाज करणारे शंभर आहेत म्हणाला, ही बाई कुठेच नाही. मार्चमध्ये पहिला प्रयोग. आणि तू नकार दिलास.

‘‘किती समझाया उसको. बोलते, आत्याने नको सांगितलंय. मी बोललो, अरे नाव बदल, गमरेच्या जागी दुसरं काहीपण टाक, कोणाला समजणार? बोलते, मला समजणार. आंटी, तुम्ही एक हां बोला. पोरगीची लाइफ बनून जाईल. नाहीतर तो दुसऱ्याला घेणार, फरवरीपर्यंतच थांबतोय.’’

मी म्हटलं, ‘‘एका बाईची टर उडवल्याशिवाय जिची लाइफ बनत नाही, तिने दुसरं काहीतरी शिकावं.’’

‘‘टर नाही आंटी. पब्लिक को प्यार आता है.’’

‘‘पब्लिकचं प्रेम तुम्ही घरी न्या. मी बोर्डावर बसायचे तेव्हा लोक माझ्याशी अदबीने बोलत.’’

त्याने जाताना चपला घालता घालता मागे वळून बघितलं आणि म्हणाला, ‘‘एकदम सेम,’’ आणि जिना उतरला. मला काही ते आवडलं नाही.

तू मला हे कळवलं का नाहीस? पोस्टकार्डावर जागा होती. खालचा अर्धा भाग कोरा होता.

वै. गमरे


२८ जानेवारी १९९७

पायल,

परवा सव्वीस जानेवारीला मीरा रोडच्या सोसायटीच्या मैदानात मी आले होते. सुगंधाला यायचं होतं आणि तिला एकटीला रस्ता सापडला नसता. ती पूर्वी रोज चर्चगेटपर्यंत मासे नेऊन विकायची, तिला रस्ता सापडला नसता असं मी म्हणतेय, यावरून काय ते समजून घे.

आम्ही मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर होतो. तू मला दिसत होतीस, मी तुला दिसत नव्हते. वजन उतरलंय तुझं. तो चमकीचा ड्रेस कुणी निवडला? खांद्यावर बसत नाही.

तू सिनेमातल्या तीन नायकांचे आवाज केलेस, एक नायिका केलीस, कुत्रा केलास, रेल्वेची घोषणा केलीस. सगळं बरोबर. एक सूर चुकला नाही. आणि लोक चिवडा खात होते. माझ्या पुढची बाई शेजारणीला गवारीचा भाव सांगत होती. तू तरी कुठे तिथे होतीस? मी तुला तो अध्यक्ष करताना पाहिलंय, तुझ्या पायाच्या अंगठ्यापर्यंत अध्यक्ष उतरला होता. परवाचे नायक तुझ्या गळ्याच्या खाली गेलेच नाहीत.

मग मागून कुणी पोरगा ओरडला, ‘‘ए, फोनवाली आत्या कर.’’ चार जणांनी टाळ्या धरल्या. सुगंधानेही धरल्या, मी तिचा हात दाबला. तू माइक दुसऱ्या हातात घेतलास. मग म्हणालीस, ‘‘त्यांची लाइन डेड आहे.’’

लोक हसले. सुगंधा माझ्याकडे बघायला लागली.

‘‘जाऊ या का बाय?’’

‘‘बस. गाणं व्हायचंय अजून.’’

‘‘तुमी रडता काय?’’

‘‘धूळ उडते इथे. रस्त्यावर सगळीकडे खडी टाकलीये.’’

‘‘खडी हाय खरी,’’ ती म्हणाली, आणि तिने आपल्या कमरेचा रुमाल दिला. त्याला सुरमईचा वास होता.

माझी लाइन डेड नाही. वायरमन परवाच बघून गेला. उलट आता घरोघरी फोन आले, त्यामुळे माझ्याकडे कुणी चपला काढून येत नाही. लाइन दिवसभर मोकळी असते.

वै. आ.


१२ फेब्रुवारी १९९७

पायल,

हे पत्र मिळताच निर्मात्याला हो सांग. कारण पुढे लिहिते, पण आधी हो सांगून ये, मग वाच.

मी ईश्वरभाईला फोन केला. हे सरळ मार्गाने उरकावं असं वाटलं. त्याने उचलला, मी म्हटलं, ‘‘मी वैजयंता गमरे बोलतेय. त्या आयटमला माझी हरकत नाही.’’

‘‘पायल, सुबह सुबह मस्ती मत कर यार. गोडाऊनमध्ये उंदीर घुसलाय इकडे.’’

‘‘मी पायल नाही. मी स्वतः बोलतेय.’’

‘‘हां हां, सेम टू सेम. पण आंटीने मना केला ना. अब तू ही उनकी तरफ से हां बोलेगी तो कैसे चलेगा? वो एक बार तू मला फसवून झालीयेस.’’

‘‘मिस्टर ईश्वर, मी तुम्हाला शेवटचं सांगतेय,’’ मी म्हणाले, ‘‘तुम्ही माझ्याशी या भाषेत बोलायचं नाही.’’

‘‘अच्छा है, पण गुस्सा थोडा और डाल.’’

मी काय बोलले ते लिहीत नाही. भायखळ्याच्या सिस्टर हयात असत्या तर त्यांनी मला गुडघ्यावर बसवलं असतं.

‘‘हां! अभी बराबर,’’ तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

पायल, मी माझ्या स्वतःच्या फोनवरून, माझ्या स्वतःच्या आवाजात, माझं स्वतःचं नाव सांगत होते, आणि मी मी आहे हे मला पटवून देता येईना. मी रिसीव्हर जागेवर ठेवला. मग इस्त्रीची साडी काढली, रिक्षा केली आणि ईश्वरभाईकडे, हाटकेशला गेले.

त्याचा गाळा तुला माहीत आहे, मला पहिल्यांदाच दिसला. एका बाजूला स्टीलची भांडी पॉलिश करतात, दुसऱ्या बाजूला लाद्या कापतात, मधे तुमचा ऑर्केस्ट्रा. या आवाजात तुम्ही सूर कसा लावता? ईश्वरभाई स्पीकरमागे काठी घेऊन उंदीर शोधत होता. ढोलकीवाल्याने मला आधी पाहिलं. त्याने ढोलकी बाजूला ठेवली, उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘सेठ, ओरिजिनल आलीये.’’

ईश्वरभाईच्या हातातली काठी पडली. ‘‘म्हणजे तो फोन...’’

‘‘मीच होते.’’

‘‘आंटी, मैंने आप को बोला गुस्सा...’’

‘‘बोललात. आता खुर्ची द्या.’’

मग मी अटी घातल्या. या वेळी प्रत्यक्ष. माझ्या तोंडी शिवी घालायची नाही. मला बहिरी दाखवायचं नाही, हल्ली सगळ्या म्हाताऱ्या बहिऱ्या दाखवतात. पदर नेहमी पिन लावलेला. आणि नाव बदलायचं नाही. तो म्हणाला, तुम्हाला त्रास नको म्हणून आम्ही नाव बदलणार होतो. मी म्हटलं, आवाज माझा घेणार आणि नाव दुसऱ्या कुणाचं लावणार? माझ्या वडिलांचं आडनाव थिएटरात माइकवरून घेतलं जाणार असेल तर ते पुरतं घ्या. गमरे म्हणा.

तो म्हणाला, हे पायलला तुम्हीच सांगा, माझं ती ऐकणार नाही, माझ्यावर तिचा विश्वास नाही. मी म्हटलं, तुमच्यावर तिने विश्वास ठेवू नये असं मीच तिला शिकवलंय. तर हे पत्र त्यासाठी. अक्षर माझं आहे, याची नक्कल तुला कधी जमली नव्हती.

कर.

आत्या


१० मार्च १९९७

चि. पायल,

पास मिळाला होता. एकच. बरोबर चिठ्ठी नव्हती, पण पाकिटावरचं ‘गमरे रेसिडेन्स’ वाचून पोस्टमन यावेळी चक्क हसला.

सुगंधाला आणता आलं नाही. मुर्ध्यात लग्न होतं. मी एकटीच परळला गेले आणि सहाव्या रांगेत बसले. शेजारी एक जाड बाई होत्या, त्यांनी मला वेफर दिले. बाहेर बोर्डावर तुझं नाव रंगवलं होतं, शेवटचं आणि सगळ्यात बारीक. रंग अजून ओला होता, माझ्या बोटाला लागला.

पडद्यामागून नावं पुकारली तेव्हा ‘पायल हरिश्चंद्र गमरे’ ऐकून मी सरळ बसले. हरिश्चंद्रला सांगितलंय मी. तो म्हणाला, बरं बरं. मग फोनवर नाक ओढल्याचा आवाज यायला लागला, मी तीनदा हॅलो केलं. एसटीडीचं मीटर पळत होतं, आणि तो बूथमध्ये उभा राहून रडत होता, मूर्ख.

तुझ्या कामाबद्दल. तू स्टुलावर बसलीस आणि रिसीव्हर उचललास, आणि शेजारच्या बाई हसायच्या आधीच मला आपली मान मागे गेल्याचं कळलं. मी ती पुढे आणली. लोक इतके हसत होते की तुला थांबावं लागत होतं. तू थांबत होतीस. चांगलं थांबतेस. ‘रडायचं असेल तर गॅलरीत’ या वाक्याला छप्पर उडालं. ते विनोदी आहे असं मला कधी वाटलं नव्हतं, घर लहान होतं म्हणून तो नियम होता. शेजारच्या बाई डोळे पुसत मला म्हणाल्या, ‘‘आमच्या डोंबिवलीत अशीच एक होती हो. मेली परवा.’’ मी म्हटलं, ‘‘ही आहे अजून.’’

चुका सांगते. रिसीव्हर डाव्या हातात हवा, उजवा लिहायला मोकळा ठेवतात. चष्म्याची दोरी काळी, सोनेरी नाही, मी काही सिनेमातली श्रीमंत सासू नाही. शाहबाईंना मी कधी ‘शाहभाभी’ म्हटलेलं नाही. आणि ‘होल्ड द लाइन’ म्हणताना तू थोडी हसतेस. मी हसत नसे.

आता शेवट. तो तू नवीन घातलायस. मुर्ध्यात नव्हता, सुगंधाला विचारलं. सगळ्यांचे फोन येऊन जातात, आत्या प्रत्येकाला हाका मारून दमते, दुपार होते, मग परत घंटी वाजते. आत्या म्हणते, ‘‘गमरे रेसिडेन्स. कोण हवंय?’’ पलीकडून उत्तर येतं, ते आपल्याला ऐकू येत नाही. आत्या विचारते, ‘‘कोण? कुणाशी बोलायचंय?’’ आणि मग, ‘‘माझ्याशी?’’

आणि तू गप्प बसलीस. रिसीव्हर कानाला तसाच. चष्मा वर सरकवलास, तोंड उघडलंस, मिटलंस. एवढी तोंडाळ बाई आणि तिला एक शब्द सुचेना. हसणारं थिएटर हळूहळू शांत झालं. शेजारच्या बाईंचा वेफर हातातच राहिला. मग पडदा पडला.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी बसूनच होते, माझा गुडघा धरला होता. निर्माता आता तुला सोडणार नाही, बाहेर लोक तुझं नाव विचारत होते ते मी ऐकलं. आत भेटायला आले नाही. तिथे हार घेऊन माणसं उभी होती आणि माझ्या हातात काही नव्हतं. भाईंदरला पोचेपर्यंत मी त्या शेवटाचा विचार करत होते.

तो मला मान्य नाही. बाकी सगळं माझ्यावरून घेतलंस, बघून, ऐकून, वर्षानुवर्षं त्या स्टुलावर बसून. हे कशावरून घेतलंस? माझ्याशी बोलायला म्हणून कुणी फोन केला तर मला शब्द सुचणार नाही, हे तुला काय माहीत? तू कधी करून बघितलायस का?

नंबर तोच आहे. दुपारी दोन ते चार मी झोपते. त्या वेळी केलास तरी चालेल.

आत्या